तासांचं गणित आणि रात्रीची ओव्हर

निवासी डॉक्टरांनी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रुग्णालयात काम करणाऱ्या रेसिडेंटनी, आठवड्याला किती तास काम करावं हा वाद निघाला की ८० हा आकडा येतोच. अमेरिकेत २००३ पासून तो देशभर लागू आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने ७४ सुचवले. हे आकडे झोपेच्या अभ्यासातून निघाले असतील अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दोन्ही ड्यूटी लावण्याच्या हिशेबातून आलेत.

७४ चा हिशेब सरळ आहे. आठवड्यातून एक २४ तासांची ड्यूटी, पाच दिवस रोज १० तास, एक दिवस पूर्ण सुट्टी. २४ अधिक ५०. ८० चा हिशेब न्यूयॉर्कच्या डॉ. बर्ट्रंड बेल यांनी स्वतःच सांगून ठेवलाय. आठवड्याचे तास १६८. पाच दिवस रोज १० तास म्हटले तर ५० गेले, उरले ११८. दर चौथ्या रात्री ड्यूटी माणसाला झेपावी, म्हणून ११८ चे चार भाग करा, साधारण ३० येतात. ५० आणि ३० मिळून ८०. झालं!

बेल यांच्याकडे हे काम आलं ते एका मृत्यूमुळे. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी तापाने आणि अंगाच्या झटक्यांमुळे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ती फेनेल्झिन हे नैराश्यावरचं औषध घेत होती आणि तिला पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं; ही दोन एकत्र घातक ठरू शकतात. तिला बघणारे दोघेही रेसिडेंट होते, पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे त्या रात्री इतरही पुष्कळ पेशंट होते, आणि वरिष्ठांशी बोलणं झालं ते फोनवर. ग्रँड ज्युरीने कुणावर फौजदारी खटला लावला नाही, पण रेसिडेंट घडवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे मारले. त्यातून बेल समिती आली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात ८० तास आणि सलग २४ तास ही मर्यादा लागू झाली. समितीचा मुख्य भर मात्र वेगळाच होता: अनुभवी डॉक्टर रात्रीसुद्धा जागेवर हवा. बेल पुढे वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले. लोकांनी आकडा उचलला, कारण आकडा तपासायला सोपा. वरिष्ठ रात्री अडीच वाजता पेशंटजवळ उभा होता की घरून ‘चालू ठेव’ म्हणाला, हे कुठल्या रजिस्टरात दिसणार?

झोपेच्या बाजूने भक्कम पुरावा आला तो २००४ मध्ये, बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयू आणि कोरोनरी केअर युनिटमधून. तिकडे इंटर्न म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर, आपल्या भाषेत जेआर-१ (ज्युनियर रेसिडेंट). जुन्या वेळापत्रकात दर तिसऱ्या रात्री २४ तासांहून लांब ड्यूटी होती. नव्यात सलग काम १६ तासांच्या आसपास थांबवलं. जुन्यात गंभीर चुका दर १००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस दाखल म्हणजे एक पेशंट-दिवस) १३६, नव्यात १००.१. निदानातल्या गंभीर चुका तर जुन्या वेळापत्रकात ५.६ पट. या आकड्यांना वजन आहे ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. ‘तुझ्याकडून चूक झाली का’ असा कागद कुणाला भरायला दिला नाही. डॉक्टर-निरीक्षक इंटर्नच्या मागे दिवसरात्र फिरले, केसपेपर वेगळे तपासले, आणि कुठली घटना कुठल्या वेळापत्रकातली हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तिची वर्गवारी केली.

त्याच गटाने २००५ मध्ये २,७३७ इंटर्नकडून दरमहा माहिती घेतली. २४ तासांहून लांब ड्यूटीनंतर घरी जाताना वाहन अपघाताची शक्यता २.३ पट आणि अपघात होता होता थोडक्यात टळण्याची ५.९ पट निघाली. आपल्याकडे होस्टेल आवारातच, म्हणून हे कुणी फारसं मनावर घेत नाही. लग्न झालेले किंवा बाहेर खोली घेतलेले रेसिडेंट पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे इमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी, दुचाकीवरूनच घरी जातात.

बॉस्टनच्या अभ्यासातली एक गोष्ट भाषणांत कधी येत नाही. जुन्या वेळापत्रकात जे काम तीन इंटर्न ओढत होते, त्याला नव्यात चार लावले होते. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. प्रत्येकाची झोप वाढली आणि एक माणूसही वाढला.

याचा हिशेब चुकता झाला २०२० मध्ये. अमेरिकेतल्या सहा बालरोग आयसीयूंमध्ये तोच प्रयोग केला: सलग ड्यूटी १६ तासांच्या आत, विरुद्ध २४ तासांची जुनी पद्धत. अपेक्षा अर्थातच बॉस्टनसारख्या निकालाची. निकाल उलटा लागला. छोट्या ड्यूटीत गंभीर चुका दर १००० पेशंट-दिवसांमागे ९७.१ आणि लांब ड्यूटीत ७९. मग खोदून पाहिलं. छोट्या ड्यूटीत एका रेसिडेंटकडे सरासरी ८.८ पेशंट येत होते, लांब ड्यूटीत ६.७. पेशंटचा हा फरक हिशेबात धरल्यावर छोट्या ड्यूटीचा दोष उरला नाही. या विषयातला एकच निबंध वाचायला वेळ असेल तर हा वाचावा. तास कापले, माणसं तेवढीच ठेवली, तर झोपेतून जे कमावलं ते पेशंटच्या संख्येत जातं.

मधल्या काळात अमेरिकेतल्या नियामक संस्थेने २०११ मध्ये पहिल्या वर्षासाठी १६ तासांची मर्यादा आणली आणि २०१७ मध्ये काढून टाकली, पुन्हा सलग २४ तास, अधिक पेशंट सोपवण्यासारख्या कामांना ४. या विषयावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या; सर्जरीतल्या चाचणीचा निकाल या बदलाआधी आला, मेडिसिनमधल्या चाचणीचा नंतर. सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांत ड्यूटीच्या लांबीची अट सैल केली तरी मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ९.१ टक्के, आणि अट पाळणाऱ्यांत ९. मेडिसिनच्या ६३ कार्यक्रमांतही ३० दिवसांच्या मृत्युदरात सैल नियमांनी नुकसान दिसलं नाही. मेडिसिनच्या चाचणीत एक गंमत आहे. सैल वेळापत्रकावर कार्यक्रमांचे संचालक जास्त खूश होते आणि इंटर्न जास्त नाराज. प्रश्नावली कुणाच्या हातात दिली हे विचारल्याशिवाय ‘समाधान’ या रकान्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे या चाचण्यांचा दाखला देऊन ‘बघा, ३६ तासांनी काही बिघडत नाही’ असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. दोन्ही चाचण्यांत दोन्ही बाजूंना आठवड्याचे ८० तास आणि सात दिवसांत एक सुट्टी कायम होती. सैल काय होतं, तर त्या ८० तासांची मांडणी. १०० तासांबद्दल या चाचण्या काहीच सांगत नाहीत.

भारतात कागद जुना आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेच्या निर्देशांत ज्युनियर रेसिडेंटसाठी साधारणपणे आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांहून जास्त नाही, आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी असं लिहिलंय. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत मात्र तासांचा आकडा नाही, कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढंच आहे. साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी किरकोळ रजा यात आहे. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी युनिट हेड ठरवतात.

आता सरकारी मेडिकल कॉलेजमधलं मेडिसिनचं नेहमीचं युनिट कागदावर मांडू. सहा युनिटं, प्रत्येकाला आठवड्यातला एक इमर्जन्सीचा दिवस, रविवार आळीपाळीने. समजा सोमवार इमर्जन्सी. जेआर-१ सोमवारी सकाळी ८ ला आला, रात्रभर अ‍ॅडमिशन घेतल्या, मंगळवारी पोस्ट-इमर्जन्सी राउंड, मग संध्याकाळी ६ पर्यंत सँपल, रेफरन्स, डिस्चार्ज कार्ड. ३४ तास. बुधवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८, ४८ तास. रविवारी राउंडपुरतं यायचं, दुपारी १ पर्यंत, ५ तास. शिवाय आठवड्यातून एक आयसीयू नाइट, १२ तास. बेरीज ९९. ती नाइट गुरुवारी पडली तर गुरुवार सकाळ ते शुक्रवार रात्र असा ३६ तासांचा दुसरा सलग पट्टा तयार होतो. पूर्ण सुट्टीचा दिवस यात कुठेच नाही. आणि हे चांगल्या विभागाचं चित्र आहे. ज्या ब्रँचला मुलं ‘टॉक्सिक’ म्हणतात तिथे रात्रीचे ८ म्हणजे ११ असतात.

युनिटमध्ये तीन जेआर-१ असतील तर एकूण २९७ तास. ७४ ने भागा: चार. बॉस्टनमध्ये तीनाचे चार केले, इथेही तेच उत्तर येतं. योगायोग म्हणा हवं तर. पण ७४ तासांचा नियम काढणाऱ्याने प्रत्येक तीन जेआर-१ मागे चौथा आणायची तरतूद केली नाही, तर नियम पाळायचे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे बालरोग आयसीयूंसारखं कमी लोकांवर जास्त पेशंट टाकणं, आणि दुसरा म्हणजे नोटीस बोर्डावर ७४ चं वेळापत्रक लावून प्रत्यक्षात ९९ करणं. दुसरा मार्ग जास्त लोकप्रिय ठरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

चौथा माणूस लगेच मिळणार नसेल तर काम कमी करावं लागतं, आणि इथे वाव आहे. वॉर्डात सकाळी ३० सँपल आणि एकाला ४ मिनिटं धरली तर रोजचे २ तास, आठवड्याचे १४. सकाळी ६ ते ९ एक रक्त घेणारा तंत्रज्ञ मिळाला की हे १४ तास सुटतात. सीटी-सोनोग्राफीला पेशंटबरोबर जाणं, ब्लड बँकेतून पिशवी आणणं, लॅबमध्ये जाऊन रिपोर्ट ट्रेस करणं, जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी कागद आणि फोटो अपलोड करणं, यांतल्या कशालाही एमबीबीएसची पदवी लागत नाही. पेशंट खरोखर अस्थिर असेल तेव्हा सीटीला डॉक्टर बरोबर हवाच, पण रोज जाणारे बहुतेक तसे नसतात. रात्रीच्या मामांची (वॉर्डबॉयची) एक जागा रिकामी राहिली की तिचे आठही तास रेसिडेंटच्या अंगावर पडतात. नियामकांच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण तपासणी शिक्षकांची डोकी मोजते. अर्थात एवढं सगळं काढलं तरी २९७ चे २२२ होतील असा दावा करता येणार नाही. निम्मा रस्ता कापला जातो. उरलेल्या निम्म्यासाठी माणूसच लागतो.

तास मोजायचे असतील तर आठवड्याच्या शेवटी विचारू नका, माणूस गोल आकडे सांगतो. रोज आल्याची आणि गेल्याची वेळ त्याच दिवशी लिहून घ्या. ‘गेलो’ म्हणजे वॉर्ड सोडल्याची वेळ. फॉर्ममध्ये ‘वॉर्ड सोडल्यावर फोनवर केलेलं काम’ असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर होस्टेलमध्ये बसून लिहिलेली डिस्चार्ज कार्डं हवेत विरतात. आणि सरासरी एकटी छापू नका. १००, १००, ६०, ६० या चार आठवड्यांची सरासरीही ८० च येते, आणि सलग ३६ तासांचा पट्टा सरासरीत दिसतच नाही. सगळ्यात लांब सलग ड्यूटी, आणि दोन ड्यूटींमधली सगळ्यात छोटी विश्रांती, हे दोन आकडे शेजारी असू द्या.

ड्यूटी तोडली की ओव्हर वाढते, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देऊन तो पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं. ३४ तासांचा पट्टा दोन तुकड्यांत वाटला, तर आधी जिथे एकच डोकं पेशंट ओळखत होतं तिथे आता दोन आली, आणि मध्ये ओव्हर. लांब ड्यूटीच्या समर्थकांचा सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे, आणि त्याला उत्तरही आहे. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ओव्हरची ठरावीक पद्धत शिकवून १०,७४० अ‍ॅडमिशन तपासल्या. चुका दर १०० अ‍ॅडमिशनमागे २४.५ वरून १८.८ वर आल्या, टाळता येण्यासारखं नुकसान ४.७ वरून ३.३ वर. वेळ? आधी एका पेशंटला २.४ मिनिटं, नंतर २.५. ‘एवढी ओव्हर द्यायला वेळ कुठंय’ हे कारण तिथेच निकालात निघालं.

पद्धतीचं नाव आय-पास. पाच गोष्टी, याच क्रमाने: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकीकत, करायची कामं, ‘असं झालं तर असं कर’, आणि शेवटी ओव्हर घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं. मेडिसिन वॉर्डातला पावसाळ्यातला पेशंट घेऊ. नेहमीची ओव्हर अशी असते: ‘१७ नंबर डेंग्यू आहे, प्लेटलेट २८ हजार, ब्लीडिंग नाही, फ्लुइड चालू आहे, रात्री सीबीसी पाठवायचाय, बघून घे.’ यात खोटं काही नाही. पण रात्री २ वाजता सिस्टर बोलावतील तेव्हा याचा उपयोगही काही नाही.

तीच ओव्हर नीट दिली तर (लाल म्हणजे सगळ्यात गंभीर, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पल्स प्रेशर म्हणजे बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक): ‘१७ नंबर, लाल. २६ वर्षं, ६० किलो, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप आज सकाळी उतरला. हिमॅटोक्रिट काल ३८, आज दुपारी ४६. प्लेटलेट २८ हजार, रक्तस्राव नाही. बीपी १०४/८०, हातपाय गरम, गेल्या ६ तासांत लघवी २०० मिली. बीपी दर तासाला. १० वाजता सीबीसी तू पाठव, ११ वाजता रिपोर्ट तूच ट्रेस कर. पल्स प्रेशर २० वर आलं, हातपाय गार पडले किंवा लघवी ताशी ३० मिलीच्या खाली गेली तर शॉक समज: रिंगर लॅक्टेट किलोला ५ ते १० मिली, म्हणजे ३०० ते ६०० मिली, तासाभरात, आणि सीनियरला लगेच फोन. हिमॅटोक्रिट एकदम खाली आलं आणि पल्स वाढली तर आत ब्लीडिंग शोध, रक्त क्रॉस-मॅचला गेलंय. नुसता प्लेटलेटचा आकडा पडला म्हणून प्लेटलेट चढवू नकोस, नातेवाईक मागतील.’

सव्वा मिनिट लागतं. पहिल्या ओव्हरमध्ये सगळं लक्ष प्लेटलेटकडे होतं. दुसरीत कळतं की धोका ताप उतरण्याच्या सुमाराला असतो आणि हिमॅटोक्रिट पाचव्या हिश्शाने चढलंय, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला द्रव) रक्तवाहिन्यांबाहेर गळतोय. मग घेणाऱ्याने परत सांगायचं: ‘म्हणजे मी प्लेटलेटपेक्षा पल्स प्रेशर आणि लघवी बघायची, १० चा सीबीसी माझा, २० ला फोन.’ हे परत सांगणं सगळ्यात आधी गळतं, कारण सीनियरसमोर बोलून दाखवायची लाज वाटते. गैरसमज बाहेर पडतात ते नेमके इथेच.

४५ पेशंटच्या वॉर्डात प्रत्येकाला अडीच मिनिटं देता येत नाहीत, पावणेदोन-दोन तास जातील. म्हणून आधी रंग लावा. लाल ६, प्रत्येकी अडीच मिनिटं: १५ मिनिटं. पिवळे १२, एकेक मिनिट. हिरवे २७, दहा-दहा सेकंद, नाव आणि ‘काही नाही’ एवढंच. साधारण ३२ मिनिटं. लाल पहिले घ्या. बेड नंबरच्या क्रमाने गेलात की ३८ नंबरचा मरणासन्न पेशंट येईपर्यंत दोघांचं लक्ष उडालेलं असतं. लाल पेशंटची ओव्हर बेडजवळ उभं राहून, बाकीच्यांची बसून. आणि हा अर्धा तास दोघांच्याही ड्यूटीत धरलेला हवा. वेळापत्रकात ‘८ ते ८’ आणि ‘८ ते ८’ लिहिलं की ओव्हरला शून्य मिनिटं उरतात, मग ती जिन्यात होते.

बिघडतं कुठे, तर बहुधा याच जागी. ‘सीबीसी पाठवायचाय’ यात कर्ता नाही. कोण पाठवणार आणि रिपोर्ट कोण बघणार हे दोन्ही नावानिशी हवं. पाठवलेल्या सँपलचे न आलेले रिपोर्ट यादीत वेगळे लिहिलेले नसतात, त्यामुळे संध्याकाळी ७ ला गेलेलं पोटॅशियम दुसऱ्या दिवशीच्या राउंडला सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर यादीचा फोटो टाकून ओव्हर झाली असं मानलं जातं. त्या फोटोत पेशंटची नावं आणि निदानं असतात हा एक प्रश्न, आणि दुपारी ४ ची यादी रात्री ९ ला शिळी झालेली असते हा दुसरा. सिस्टरच्या काउंटरवर ओव्हर चालली की दर दोन मिनिटांनी कुणीतरी सही मागतं. एका सिस्टरला तेवढा अर्धा तास ‘फक्त क्रॅश असेल तरच’ असं सांगून ठेवलं तर बराच फरक पडतो. आणि त्या सिस्टर स्वतः ओव्हरला असल्या तर आणखी चांगलं, कारण रात्रीचे आकडे त्यांच्याच हातून भरले जातात.

आय-पासचं कार्ड छापून गळ्यात अडकवलं की काम झालं असं समजू नये. नऊपैकी सहा रुग्णालयांतच चुका लक्षणीय कमी झाल्या, तिघांत नाही. त्या कार्यक्रमात दोन तासांची कार्यशाळा, तासभर एकमेकांना खोटी ओव्हर देण्याचा सराव, शिक्षकांचं वेगळं प्रशिक्षण, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनी खरी ओव्हर समोर बसून ऐकून तिथल्या तिथे सांगणं, एवढं सगळं होतं. आपल्याकडे पहिल्या तीन गोष्टी एका दुपारी उरकतील. चौथीवर गाडं अडेल. रात्री ८ ला लेक्चरर आठवड्यातून एकदा जरी वॉर्डात थांबले तरी पुष्कळ. बेल यांचा मूळ मुद्दाही हाच होता.

एमडीच्या प्रबंधासाठी हा विषय घ्यावासा वाटला तर दोन गोष्टींचा हिशेब आधी करा. पहिला नमुन्याचा. चुका २४.५ वरून १८.८ वर आल्या हे ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) दाखवायचं तर प्रत्येक गटात साधारण १,०४५ अ‍ॅडमिशन लागतात, आणि एकाच युनिटमधल्या घटना एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून खरं तर त्याहून जास्त. आठवड्याला २५ अ‍ॅडमिशन घेणाऱ्या युनिटला एका गटासाठीच ४२ आठवडे. एका जेआरच्या प्रबंधात हे बसत नाही. गाइडने ‘चुका मोज’ म्हटलं तर हे गणित नम्रपणे पुढे ठेवावं. त्याऐवजी ओव्हरचा दर्जा मोजा: गंभीरता सांगितली का, न आलेले रिपोर्ट सांगितले का, ‘असं झालं तर’ होतं का, परत सांगितलं का. गंभीरता सांगण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ७० वर नेणं दाखवायला गटाला ४० ते ४२ ओव्हर पुरतात. तोच रेसिडेंट पुन्हा पुन्हा येणार, म्हणून ८० ते १०० धरा. दोन निरीक्षकांनी पहिल्या २० ओव्हर स्वतंत्रपणे ऐकून त्यांचं मत किती जुळतं ते कॅपाने (योगायोग वगळून जुळणी मोजणारा आकडा) बघा. जुळत नसेल तर दोष फॉर्मचा आहे, शब्द बदला.

दुसरा हिशेब काळाचा. आधीचं मोजमाप एप्रिलमध्ये आणि नंतरचं जुलैमध्ये केलंत तर मध्ये डेंग्यू, मलेरिया, लेप्टो येऊन वॉर्ड दुप्पट झालेला असेल, आणि मग काय मोजलं ते कुणालाच सांगता येणार नाही. २०१४ च्या अभ्यासात आधीचे आणि नंतरचे सहा-सहा महिने वर्षाच्या एकाच काळातले घेतले होते, ते यासाठीच. दुसरा सापळा नव्या बॅचचा. जेआर-१ सहा महिन्यांत काहीही न शिकवताही सुधारतो. यावर उपाय म्हणजे त्याच काळात दुसरं युनिट तुलनेला ठेवणं. आपल्याकडे युनिटं आधीच वेगळी, दिवस ठरलेले, त्यामुळे हे सोपं पडतं. अडचण एकच: रात्रीचा जेआर दोन्ही युनिटांचे पेशंट बघत असेल तर शिकवलेली पद्धत तुलनेच्या युनिटमध्येही झिरपते. निवड करताना नाइट वेगवेगळी असलेली युनिटं घ्या, नाहीतर फरक विरघळून जाईल.

एथिक्स कमिटीच्या अर्जात एक वाक्य न विसरता घाला: निरीक्षकाला ओव्हर ऐकताना पेशंटला धोका होईल अशी चूक दिसली तर तो नोंद बाजूला ठेवून लगेच बोलेल, आणि ती ओव्हर ‘हस्तक्षेप केलेली’ म्हणून वेगळी मोजली जाईल. नोंदीत रेसिडेंटचं नाव नको, कोड हवा. कोडांची यादी गाइडकडे ठेवू नका, दुसऱ्या विभागातल्या शिक्षकांकडे द्या. रजेच्या अर्जावर सही करणाऱ्याच्याच कपाटात ती यादी आहे असं कळलं की दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात सगळ्यांची ओव्हर आदर्श होते आणि खरी ओव्हर होस्टेलच्या मेसमध्ये दिली जाते.